मशकनाथांचा एकवीस दिवसांचा घट

जाळीच्या पेटीत शंभरेक डास गुणगुणत होते आणि मशकनाथ महाराजांचा उजवा हात कोपरापर्यंत त्या पेटीत होता. एकही डास हातावर बसत नव्हता. सातपूरच्या कामगार वसाहतीच्या मैदानात पहिली पाळी सुटल्या सुटल्या तीनेकशे माणसं जमली होती. मग महाराजांनी फिटर गेणूभाऊंना हात आत घालायला लावला. दहा आकडे मोजायच्या आत गेणूभाऊंनी तो ओढून काढला. हातभर गांधी उठल्या होत्या.

"डास हा कलियुगाचा हेर आहे," महाराज म्हणाले. "बारा वर्षं हिमालयाच्या बर्फात एका पायावर उभं राहून आम्ही त्याची सोंड बांधली."

बर्फात डास कुठून आले, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. २००६ सालच्या त्या श्रावणात वसाहतीत घरटी एक आजारी होता, आणि घाबरलेला माणूस प्रश्न विचारत नाही, हात जोडतो.

मीना मात्र महाराजांकडे बघतच नव्हती. ती आरोग्यसेविका, तिची नजर पुढे बसलेल्या धाकट्या जावेच्या, आशाच्या मांडीवर होती. सहा वर्षांची वेदिका तिथं मान टाकून पडली होती. चार दिवस फणफणलेला तिचा ताप आज सकाळी उतरला होता. महाराजांनी पोरीच्या कपाळावर हात ठेवून जाहीर केलं, घटानं ताप पिऊन टाकला. टाळ्यांचा कडकडाट झाला. डेंग्यूचा खरा धोका ताप उतरतो तेव्हाच सुरू होतो, हे मीनाला ठाऊक होतं. पोरीचे तळपाय गार होते, पोट दुखत होतं, हिरडीतून रक्त येत होतं.

घट म्हणजे मंतरलेल्या पाण्याचा उघडा तांब्या, घराघरातल्या देव्हाऱ्याशेजारी मांडलेला. नवरात्रातला घट नऊ दिवस हलवत नाहीत, हे बायकांच्या हाडीमाशी भिनलेलं. महाराजांनी तेच उचललं आणि नऊचे एकवीस केले. पाणी ओतायचं नाही, झाकायचं नाही, आटलं तर वरून भर घालायची. आणि घट उठेपर्यंत घरातल्या कुणी अंगाला सुई टोचून घ्यायची नाही. म्हणजे रक्ततपासणीही बंद. मीना दारोदार पिंपं रिकामी करवत फिरे, पण घटापुढे बायका आडव्या येत. आज एकोणिसावा दिवस होता.

मीना आशाजवळ जाऊन बसली. रिक्षा उभी आहे, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ, असं तिनं हळूच सांगितलं.

"दोन दिवस राहिलेत, ताई," आशा म्हणाली. "आता सुई टोचली तर सगळं उलटंल म्हणतात महाराज. माझी एकच पोर हाय."

जबरदस्तीनं पोर उचलली असती तर तीनशे माणसं आडवी आली असती. मीना उठली, ती सरळ पेटीपाशी गेली. महाराजांच्या हाताला अत्तराचा भपकारा येत होता, आणि अत्तराखाली दुसरा वास. तो तिच्या ओळखीचा होता. पेठकडच्या डोंगरात तिची आई, तानुबाई, भात लावायला जाताना असंच तेल चोळून जायची. मीनाही ते घरी करायची. बाटली पर्समध्येच होती.

"महाराज, एकदा साबणानं हात धुवा आणि पुन्हा घाला," ती म्हणाली.

साबणानं तपाचं तेज जातं, असं महाराज बोलले. माणसांत कुजबुज झाली. मीनानं मग स्वतःचे दोन्ही हात सर्वांसमोर धुतले, उजव्याला बाटलीतलं तेल लावलं आणि दोन्ही हात पेटीत घातले. डावा हात डासांनी काळा केला. तिनं दात आवळून साठपर्यंत मोजलं. उजव्यावर एकही बसला नव्हता.

"हे खोबरेल तेल," ती म्हणाली. "त्यात गवती चहाची पाती मंद आचेवर उकळून ते गाळलंय आणि थोडं कडुनिंबाचं तेल घातलंय. मंत्र नाही. दोन तासांत वास उडून जातो, पुन्हा लावावं लागतं."

"आणि घट?" कुणीतरी ओरडलं.

गेणूभाऊ गेले आणि आपल्या घरचा घट घेऊन आले. हलवला म्हणून त्यांची बायको मागून रडत येत होती. त्यांनी तो पांढऱ्या परातीत ओतला. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या, शेकड्यांनी.

"ह्या डासांच्या अळ्या," मीना म्हणाली. "दोन-चार दिवसांत ह्यांना पंख फुटतील. चाळीस घरांत चाळीस घट आहेत, आणि तुम्ही रोज वरून पाणी घालताय."

महाराज कुणाला कळायच्या आत गाडीत बसले. पेटी तिथंच राहिली. त्यांच्यामागे कोण धावलं, हे आशानं पाहिलंच नाही. तिनं वेदिकाला खांद्यावर टाकलं आणि ती रिक्षाकडे पळत सुटली.

डॉक्टरांनी आधी सलाईन लावलं, मग ते बोलले. आजची संध्याकाळ उलटली असती तर हाती काही राहिलं नसतं, असं म्हणाले. दोन दिवस आशानं पाणीसुद्धा धड घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी वेदिकानं वरणभात मागितला, तेव्हा ती ढसढसा रडली.

वसाहतीतल्या पाच-सहा बायका भेटायला आल्या. त्यातली एक एकदम मीनाच्या पायांशी वाकली. "बाई, तुमच्या हातालाच गुण हाय. आमच्या पोरांना तुमच्या हातानं तेल लावा."

मीना दोन पावलं मागे सरली. तिला इतका संताप महाराजांचाही आला नव्हता.

"माझ्या पाया पडू नका," ती म्हणाली. "तेल तुम्ही घरी करा, हातावर लावून बघा. नाही जमलं तर मला खोटी म्हणा. पाणी झाका, ताप आला की रक्त तपासा. आणि मी सांगते म्हणून यातलं काहीसुद्धा खरं मानू नका. स्वतः करून बघा, मग माना."

मग आशाच पुढे झाली, आणि तेलात पाती किती घालायची ते तिनं विचारलं.