एकशे तेरावी सुधारणा

कॅप्टन समुद्रावर होते, म्हणून फोन सिस्टरनी घेतला.

समुद्र होता मागच्या खोलीत. तिथे जुन्या टेबलावर दोन पडदे, एक दांडा, पायाशी दोन पेडल आणि त्या सगळ्यापुढे कानाला हेडफोन लावून ताठ बसलेले कॅप्टन, एवढी मोठी विमान कंपनी चालत असे. ‘कॅप्टन’ हे नाव गल्लीने चेष्टेने ठेवलं आणि त्यांनी ते फार गंभीरपणे घेतलं. उभं आयुष्य त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. निवृत्त झाले आणि तिसऱ्याच महिन्यात कॉम्प्युटरवर विमान उडवू लागले. आजवर चार हजार तास झाले होते. खऱ्या विमानात मात्र ते एकदाही बसलेले नव्हते.

खेळ मध्येच थांबवायचं बटण होतं, पण त्याच्यावर कॅप्टननी चिकटपट्टी मारली होती. खऱ्या विमानाला असं बटण असतं का? नसतं. त्यामुळे ते एकदा हवेत गेले की गेले. दूध उतू जावो, नळ दुरुस्त करणारा दार वाजवून कंटाळून जावो, कॅप्टन उतरल्याशिवाय उठत नसत. त्यांच्या बायकोने, म्हणजे सिस्टरनी, सुरुवातीला आरडाओरडा केला आणि मग हात टेकले.

“आई, आता सहाच आठवडे राहिले,” पलीकडून लेक म्हणाली. ती विमानाने अकरा तासांच्या अंतरावर राहायची आणि तिचं हे पहिलंच बाळंतपण होतं. “पण तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. सासूबाई येतायत माझ्याजवळ. तुला विमानाची भीती वाटते, मला माहितीय. मी आता काही बोलणार नाही.”

‘बोलणार नाही’ हे तिने अशा सुरात म्हटलं की ती चार शब्द बोलली असती तर बरं, असं सिस्टरना वाटलं. फोन ठेवल्यावरही त्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या अगदी जिव्हारी लागलं होतं.

कारण सिस्टरना विमानाची भीती वाटत नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या वॉर्डात काढली होती. रक्त, आरडाओरडा, डॉक्टरांचे राग, नातेवाइकांचे राग, सगळं पचवलं होतं. निवृत्तीनंतरही गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची आणि कुणाच्या पायात खिळा घुसला तर आधी त्यांच्या दारात यायची. ही बाई विमानाला काय घाबरणार?

झालं होतं ते असं. सात वर्षांपूर्वी लेकीने नवं घर मांडलं आणि दोघांना बोलावून घेतलं. निघायच्या दिवशी बॅगा दाराशी होत्या, टॅक्सी यायची होती. कॅप्टन बॅगेची चेन लावत होते आणि ती लागत नव्हती, कारण त्यांचा हात थरथरत होता. अचानक ते वळून म्हणाले, “अगं, तुझा चेहरा बघ कसा पांढराफटक पडलाय. भीती वाटत असेल तर सांग. नको जाऊया.” सिस्टरचा चेहरा रोज असतो तसाच होता. त्यांनी नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हो, वाटते खरी.” टॅक्सी परत गेली.

त्यांना वाटलं होतं, एका दिवसाची गोष्ट आहे. पण ती सात वर्षं टिकली. दर वर्षी लेक बोलावायची आणि दर वर्षी कॅप्टन फोनवर सुस्कारा टाकून म्हणायचे, “मी एका पायावर तयार आहे गं. तुझ्या आईला सोसत नाही.” सिस्टर शेजारी बसून ऐकायच्या. नवऱ्याची झाकली मूठ आपणच का उघडायची, म्हणून गप्प राहायच्या. त्यात लेक आपल्यापासून हळूहळू लांब चाललीय, हे त्यांना आज नीट कळलं.

एकटीने जावं का? तसं जाता आलं असतं. पण मग लेक पहिलाच प्रश्न विचारणार, बाबा का नाही आले? आणि आतापर्यंतचं सगळं नको त्या वेळी, नको त्या जागी बाहेर येणार. शिवाय, खरं सांगायचं तर, सिस्टरना ते बरोबर हवे होते. चिडल्या तरी हवे होते.

अर्ध्या तासाने कॅप्टन उतरले आणि चहा मागत बाहेर आले. हातात कागदांची जुडी होती.

“झाली एकदाची!” ते म्हणाले. “सुधारणांची यादी. एकशे बारा मुद्दे. आता कंपनीला तोंड लपवायला जागा नाही.”

हा खेळ बनवणाऱ्या कंपनीला कॅप्टन दर महिन्याला पत्र पाठवत. कंपनी दर वेळी तेच चार ओळींचं उत्तर पाठवायची, आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत वगैरे. मागच्या उत्तरात कॅप्टनना दोन चुका सापडल्या, म्हणून त्यांनी ते लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं होतं.

“वाचा बघू,” सिस्टर म्हणाल्या आणि कॅप्टन खुलले, कारण असं त्यांना कुणी कधी म्हणत नसे.

“मुद्दा चौदा. पावसाचं पाणी काचेवरून खाली ओघळतं. एवढ्या वेगात ते वर सरकायला पाहिजे. मुद्दा सदतीस. धावपट्टीचे सगळेच्या सगळे दिवे लागलेले असतात. जगात असं कुठे असतं? दोन-चार तरी गेलेले दाखवा. मुद्दा एकसष्ट. ढग इस्त्री केल्यासारखे दिसतात. मुद्दा शहाऐंशी. विमानतळावरून बोलणारा माणूस कधी खोकत नाही, वैतागत नाही, ‘पुन्हा सांगा’ म्हणत नाही...”

“आणि माणसं?” सिस्टरनी विचारलं.

“सांगितलं ना, खोकत नाही तो.”

“विमानात बसलेली माणसं हो. मागची.”

“आहेत की. एकशे ऐंशी. प्रत्येकी चौऱ्याऐंशी किलो, सामानासकट. त्याशिवाय उड्डाणाचं गणितच जमत नाही.”

“मी चौऱ्याऐंशी किलो आहे?”

“सामानासकट म्हटलं ना!”

सिस्टरनी जुडी हातात घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. अक्षर मोत्यासारखं होतं, एक वेलांटी चुकलेली नव्हती. मग त्यांनी हळूच विचारलं, “तुमच्या छापखान्यात ते एक पुस्तक झालं होतं ना? ज्यात पान गळलं होतं?”

कॅप्टननी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या कारकिर्दीत गाजलेली ती एकच चूक होती. तीनशे पानांत काना-मात्रा सगळं बरोबर आणि अख्खं एकशे चाळिसावं पान गायब. छापलेली अक्षरं बघणाऱ्या माणसाला न छापलेलं दिसत नाही, असं ते स्वतःच पुढे कित्येक दिवस सगळ्यांना सांगत होते.

“इथेही गळलंय,” सिस्टर म्हणाल्या. “एकशे बारा सुधारणा, सगळ्या पायलटच्या. जो मागे बसतो, ज्याच्या हातात दांडा नाही, पेडल नाही, त्याच्याबद्दल एक ओळ नाही. लिहा. एकशे तेरा, प्रवासी.”

“त्याची काय सोय करायची? प्रवासी नुसता बसतो.”

“मग नुसतं बसून बघा. आत्ता. मी चालवते.”

कॅप्टन मोठ्याने हसले. पण हसून झाल्यावर बायको अजून तशीच बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. “तुला जमायचं नाही,” ते म्हणाले. “तीस गोष्टी तपासाव्या लागतात.”

“तुम्ही भिंतीवर लिहून ठेवल्यात ना सगळ्या? एकतीस वर्षं मी कागदावर लिहिलेलं बघून माणसं जगवली. एक विमान नाही उडवू शकणार? की तुमच्या लिहिण्यात चूक आहे?”

हा बाण बरोबर लागला. आपल्या लिहिण्यात चूक आहे असं कॅप्टन प्राण गेला तरी म्हणाले नसते.

सिस्टरनी हॉलमध्ये जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या अगदी चिकटवून ठेवल्या आणि एकीवर कॅप्टनना बसवलं. हेडफोन काढून टाकले, स्पीकर हॉलमध्ये ठेवून त्याची वायर दाराखालून ओढली आणि आवाज वाढवला. हवा कशी हवी, असा पर्याय पडद्यावर आला, तेव्हा त्यांनी ‘मध्यम खराब’ निवडली. मग खोलीचं दार लावून कडी घातली.

“दार कशाला?” कॅप्टन बाहेरून ओरडले.

“खऱ्या विमानात पायलटचं दार उघडं असतं का?”

आतून इंजिनांची घरघर सुरू झाली आणि हॉलमधल्या कपाटाच्या काचा थरथरू लागल्या.

भिंतीवरच्या कागदावर बोट ठेवत, एकेक बटण दाबत सिस्टरनी विमान पळवलं. ते धावपट्टीच्या कडेकडेने गेलं, एका दिव्याला बहुधा लागलंही, पण उठलं. कागदावर लिहिलं होतं तिथे त्यांनी ते आपलं आपण उडेल असं केलं आणि मागे टेकून बसल्या.

“चाकं आत घेतलीस का?” बाहेरून आवाज आला.

सिस्टरनी हाताची घडी घालून पडद्याकडे पाहिलं.

“आवाजावरून सांगतो, नाक फार वर आहे! ऐकतेस ना?”

मागून ओरडणाऱ्या प्रवाशाला पायलट उत्तर देत नाही, म्हणून त्यांनीही दिलं नाही. थोड्या वेळाने ढग आले. विमान हेलकावे खाऊ लागलं, इंजिनांचा सूर चढला, पडला, पुन्हा चढला. बाहेर पावलांचा आवाज झाला. कॅप्टन खुर्ची सोडून दाराशी आले होते.

“सूर का बदलला?” आता ते ओरडत नव्हते. “काय झालं? नुसतं हो-नाही सांग.”

आणि मग, बराच वेळ गेल्यावर, “अगं, निदान एवढं सांग. आपण किती उंचीवर आहोत?”

हा आवाज सिस्टरनी शेकडो वेळा ऐकलेला होता. वॉर्डात धिप्पाड पुरुष यायचे आणि इंजेक्शन द्यायला गेलं की विचारायचे, सिस्टर, सुई किती नंबरची? ज्याला नंबर हवा असे, त्याला भीती वाटत असे. मग त्या हातातलं सगळं खाली ठेवून एकच गोष्ट बोलायच्या. तीच त्या आता दाराच्या आतून बोलल्या.

“आकडा सांगून काही कमी होत नाही. भीती वाटतेय का, एवढंच सांगा.”

इंजिनं घरघरत होती. आपण जरा जास्तच ताणलं की काय, असं सिस्टरना वाटलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी या माणसाला असं कोपऱ्यात कधी गाठलं नव्हतं.

“हो,” कॅप्टन म्हणाले.

सिस्टर उठल्या. समोर विमान समुद्रावर डुलत चाललं होतं. त्याला तसंच सोडून त्यांनी कडी काढली. कॅप्टन दाराच्या चौकटीला धरून उभे होते आणि त्यांच्या कपाळावर खरोखरचा घाम होता.

“इथे सगळं माझ्या हातात असतं,” ते म्हणाले. “म्हणून तर बसतो इथे. वाटलं होतं, एवढे तास झाले की जाईल. गेली नाही.” ते खुर्चीवर बसले. “त्या दिवशी तू म्हणालीस ना, मला भीती वाटते? मला इतकं हायसं वाटलं, की ते खरं आहे की नाही हे मी बघितलंच नाही. मग बघायची लाज वाटली.”

सिस्टर शेजारच्या खुर्चीवर बसल्या. त्यांना राग यायला हवा होता आणि थोडा आलाही. पण त्याहून जास्त त्यांना या माणसाची कीव आली, माया आली आणि स्वतःचाही राग आला, की आपण दुसऱ्याची भीती एका नजरेत ओळखतो आणि घरातल्या भीतीला सात वर्षं औषध दिलं नाही, नुसती पट्टी बांधून ठेवली.

“ती सासूबाईंना बोलावतेय,” त्या म्हणाल्या. “मी घाबरट म्हणून.”

कॅप्टननी झटकन वर पाहिलं. आत विमान कसल्यातरी धोक्याची घंटा वाजवू लागलं. एरवी त्या आवाजाने त्यांनी दोन्ही हातांनी दांडा पकडला असता.

“पडेल ते,” सिस्टर म्हणाल्या.

“पडू दे,” कॅप्टन म्हणाले. “फोन दे इकडे.”

लेकीने फोन उचलला तेव्हा तिला आधी काही कळेचना. बाबा खाकरत होते, थांबत होते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं सरळ केली, त्याला स्वतःचं एक वाक्य धड पुरं करता येत नव्हतं. शेवटी एकदाचं ते तोंडातून बाहेर पडलं, “भीती तुझ्या आईला कधीच नव्हती. मला होती. अजून आहे. तरी येतो आम्ही. तिकिटं काढशील तेव्हा तुझ्या आईच्या शेजारची जागा मला दे म्हणजे झालं.”

मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले आणि त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला.

“आई,” लेकीचा आवाज जड झाला होता. “सात वर्षं मी तुझ्यावर रुसून होते गं.”

“माहितीय मला,” सिस्टर म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. “आता त्यांच्यावर रुस. समोर बसवून रुस. तेवढ्यासाठी घेऊन येते त्यांना.”