पेनीचं माप

ग्लेनिसला मी खोटं माप दिलं, आणि ते पूर्ण शुद्धीत दिलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी कीव करायला कुणी बसायला नको.

आमचा क्लब दर गुरुवारी संध्याकाळी चॅपलमागच्या हॉलमध्ये भरतो. म्हातारे मिळून बाहुल्या खेळतात, असं माझी बायको म्हणायची. बाहुल्या म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढी शिशाची माणसं. एकोणीसशे तीसच्या सुमारातले तस्कर, हेर, खजिन्यामागे लागलेले प्राध्यापक, डोक्यावर खाकी टोप घातलेले संशोधक. फासे टाकायचे, फूटपट्टीने अंतर मोजायचं आणि त्यांना जंगलातून, नदीवरून, पडक्या देवळांतून पळवायचं. माणसं विकत मिळतात. त्यांचे ट्रक, धक्के, देवळं, जहाजं मात्र आम्ही हातांनी करतो. आम्ही म्हणजे मुख्यतः मी. ऑक्टोबरात खुला दिवस असतो, सगळं गाव बघायला येतं, आणि त्या दिवशी मोठ्या टेबलाच्या मधोमध जे मांडतात ते गेली एकोणीस वर्षं माझ्या हातचं होतं. बायको गेल्यावर माझ्याकडे मिरवण्यासारखं एवढंच उरलं होतं.

ग्लेनिस मार्चमध्ये आली. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढून नुकतीच निवृत्त झालेली, हातात पिशवी, पिशवीत चीजच्या रिकाम्या गोल डब्या.

"इथे बसू का? बाकीच्या टेबलांवर फार पसारा आहे."

"इथेही आहे."

"तुमचा पसारा नीटनेटका आहे," असं म्हणून ती बसलीसुद्धा.

मी तेव्हा माझ्या समुद्री विमानाच्या दोन पंखांमध्ये तार ओवत होतो. केसाएवढी तार, टाचणीच्या टोकाएवढं भोक. ती श्वास रोखून बघत राहिली.

"चष्म्याशिवाय?"

"एकाहत्तर पूर्ण झाली. अजून लागला नाही," मी म्हणालो आणि तिला दाखवायला म्हणून दुसरी तारही तशीच ओवली. त्या दिवशी मला ती बाई बरी वाटली होती.

जूनमध्ये तिने ट्रक आणला. बाटल्यांच्या झाकणांची चाकं, सार्डिनच्या डब्याच्या पत्र्याचा टप, आणि त्याच्यावर गंज. खरा गंज. डेस्मंड आमचा अध्यक्ष, जन्मभर बसमध्ये तिकिटं तपासलेला माणूस, सहजासहजी कशावर विश्वास ठेवत नाही. त्याने ट्रकवर बोट फिरवलं आणि बोट निरखून पाहिलं.

"रोलंड, हे बघ रे. मला वाटलं आता धनुर्वाताची सुई घ्यावी लागते."

"काय लावलंस?" मी शक्य तितक्या कोरडेपणाने विचारलं.

"दालचिनी. डिंक लावायचा आणि वरून पूड भुरभुरायची. स्वयंपाकघरात पडलेली होती."

एकोणीस वर्षं मी चार रंग कालवून गंज करत आलो. घरी जाऊन दार लावून घेतलं आणि विमानाच्या शेपटीवर दालचिनी लावून पाहिली. गंज काही जमला नाही, विमानाला मात्र सफरचंदाच्या पायचा वास लागला तो आठवडाभर गेला नाही. खरं सांगायचं तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिने कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं, महागडे प्लास्टिकचे पत्रे आणले नव्हते, माझ्यासारखे गरम गोंदाचे बोटांना चटके घेतले नव्हते. कालची आलेली बाई कचऱ्याच्या डब्यात हात घालून काहीतरी काढायची आणि लोक माझ्या टेबलाला पाठ करून तिच्याभोवती जमायचे.

ऑगस्टमध्ये तिने नदीतल्या आगबोटीचा सांगाडा आणला. दोन मजली, आइस्क्रीमच्या काड्यांचा डेक, पोटदुखीच्या गोळ्यांच्या नळीचं धुराडं. अजून रंगसुद्धा नव्हता आणि तरी ती बोट कितीतरी पावसाळे पाहिलेली वाटत होती. माझं विमान तिच्या शेजारी नुसतं नवं दिसलं.

"यंदा मधे काय मांडायचं ते बघू," डेस्मंड चहा ओतता ओतता म्हणाला.

एकोणीस वर्षांत 'बघू' हा शब्द कधी आला नव्हता.

त्याच संध्याकाळी ती माझ्याकडे आली. "रोलंड, केबिनच्या बाजूने जाणारी वाट किती रुंद ठेवू? माणसं तिथून चालली पाहिजेत ना? माझ्याकडे एकही माणूस नाही घरी."

इथे आमची एक रीत सांगायला हवी. आमच्या क्लबात प्रत्येक शिशाचा माणूस दोन पेनीच्या मोठ्या नाण्यावर चिकटवलेला असतो. नाण्यावर वाळू, वाळूवर हिरवा भुसा, त्यामुळे वरून नाणं दिसत नाही, आणि नवीन माणसाला वाटतं की शिशाच्या बुटांएवढी जागा पुरेल. वाट नेहमी त्या नाण्याहून थोडी रुंद ठेवायची. आणि खुल्या दिवसाच्या आधीच्या गुरुवारी डेस्मंड परीक्षा घेतो. बारा माणसं घेऊन प्रत्येक दारातून, प्रत्येक वाटेवरून चालवतो. एक जरी अडकला तरी ते काम त्या वर्षी टेबलावरून बाद, मग ते कितीही देखणं असो. माणूस उभा राहत नसेल तर ती वस्तू कपाटात ठेवा, असं त्याचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे.

मी खिशात हात घातला. एक पेनीचं आणि दोन पेनीचं, दोन्ही नाणी हाताला लागली. मी छोटं बाहेर काढलं.

"हे घे. पेनी. हिच्याएवढी वाट ठेव, सगळीकडे."

"इतकी पुरेल?"

"एकोणीस वर्षं करतोय मी हे."

"तेही खरंच," ती म्हणाली आणि पेनी रुमालात बांधून पिशवीत ठेवली, दागिना ठेवावा तशी.

मधले सहा आठवडे मी विमानाला शेवटचा हात मारत होतो. ती भेटली की हसायची आणि मी खाली मान घालून घासकाम करायचो. चोराच्या मनात चांदणं. एकदोनदा सांगून टाकावंसं वाटलं. मग ती बोटीच्या कठड्याला चहाच्या गाळाने लावलेला रंग सगळ्यांना दाखवायची, आणि माझं सांगायचं राहून जायचं.

परीक्षेच्या गुरुवारी बोट टेबलावर आली. डेस्मंडने खाकी टोपवाला संशोधक उचलला आणि डेकवर ठेवला. मी फूटपट्टी पुसत होतो. संशोधक केबिनच्या बाजूने निघाला, वळला, जिना चढला, वरच्या मजल्यावरून फिरून दुसऱ्या बाजूने खाली उतरला. मागून तस्कर गेला, हेर गेला. दोघं समोरासमोर आले तर एकमेकांना वाट देऊन पुढे जातील इतकी जागा होती. बाराही जण पार झाले.

"मधोमध," डेस्मंड म्हणाला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग त्याने माझं विमान घेतलं. दारावर फूटपट्टी लावली, पंखांवर लावली, पुन्हा लावली. माझं काम त्याने कधी फूटपट्टीने तपासलं नव्हतं.

"ठीक आहे की रे," तो म्हणाला, अगदी हळू आवाजात, आजारी माणसाशी बोलतात तसा. "आपण हे कडेला ठेवू, बोटीला बांधून. आणि रोलंड, जरा इकडे ये. सगळ्यांनी मिळून तुझ्यासाठी काहीतरी आणलंय."

खोक्यात डोक्याला बांधायचं भिंग होतं, पुढे छोटा दिवा लावलेलं.

"रागावू नकोस बाबा," डेस्मंड म्हणाला. "ग्लेनिसने सांगितलं मला. बिचारी माझ्याकडून एक माणूस मागून घेऊन गेली, करून बघू म्हणून, तर कुठेच बसेना. सगळा डेक उपटून पुन्हा केला तिने. पण तुझ्याबद्दल एक शब्द वाईट बोलली नाही. म्हणाली, त्यांना नाण्यांतला फरक दिसत नसेल आता. आणि तू पडलास हट्टी, चष्मा लावशील तर शपथ."

दहा-बारा माणसं माझ्याकडे मायेने बघत होती. डोळे शाबूत आहेत म्हणावं, तर माप मुद्दाम खोटं दिलं हे सांगावं लागणार. तोंड उघडलं होतं मी. मग ते मिटून भिंग डोक्याला बांधलं. डेस्मंडने दिवा लावून दिला.

"आता कसं दिसतंय?"

"छान," मी म्हणालो. "स्वच्छ दिसतंय."

लोक चहाकडे पांगले. मी टेबलाच्या कडेला विमान बांधत बसलो, तो दिवा कपाळावर तसाच. ग्लेनिस येऊन शेजारी उभी राहिली. तिच्याकडे वर बघायची माझी हिंमत झाली नाही, पण तिच्या हातावर उजेड पडला. तिच्या बोटांवर चटक्यांचे डाग होते, तासून तासून नखं तुटली होती. उपटून पुन्हा चिकटवलेल्या डेकचे ते चटके, मला काय कळत नाही?

"पहिल्या दिवशी तुम्ही तार ओवलीत ती मी बघितली होती," ती हलक्या आवाजात म्हणाली. "दोनदा."

मी विमानाच्या दोरीची गाठ सोडून पुन्हा मारली.

"यांना मी डोळ्यांचंच सांगितलंय. तेवढंच."

तिने माझा हात उलटा केला, तळव्यावर पेनी ठेवली आणि चहा घ्यायला निघून गेली. नाणं गरम होतं. परीक्षा चालू असताना सगळा वेळ तिने ते मुठीत धरलं असणार.