विहिरीला वळसा नाही

मी सात नंबरची काठी बोलतेय. गोल्फची. हसू आलं असेल तर आधी हसून घ्या. जालना रोडला, करमाडच्या अलीकडे गोल्फ म्हटल्यावर भलेभले हसलेत, आणि मी कुणाचंच मनाला लावून घेतलेलं नाही. माझं डोकं लोखंडाचं आहे. ते सहजासहजी नमत नाही.

जन्म माझा जालंधरचा. तिथल्या कारखान्यात माझ्या डोक्यावर सातचा आकडा ठोकला आणि बहिणींबरोबर मला कातडी पिशवीत कोंबलं. पुण्याच्या एका साहेबानं ती पिशवी विकत घेतली आणि बदलीबरोबर आम्ही औरंगाबादला आलो. चिकलठाण्याला तेव्हा एका शेडचे पत्रे चढेपर्यंत शेजारी दुसरीचा पाया खणला जायचा. आमच्या कंपनीनं पुढे जाऊन शेतजमीन घेतली. कारखाना उभा राहिला आणि उरलेल्या माळावर साहेब लोकांनी नऊ होलचं मैदान केलं.

मैदान म्हणजे काय, तर कुसळं आणि मुरूम. हिरवळ औषधालाही नाही. प्रत्येक होलभोवती वाळूत मशीनचं जुनं ऑईल कालवून गोल थापलेले. खेळून आलं की साहेबांच्या बुटांना गॅरेजचा वास यायचा, पण ऐट मात्र विलायतेची!

एकदा साहेबाचा चेंडू सलग दोनदा चुकला. त्यानं मला दोन्ही हातांनी धरलं आणि लिंबाच्या खोडावर आपटलं. चूक हाताची, शिक्षा काठीला. मी मधोमध मोडले आणि भंगाराच्या ढिगात जाऊन पडले. वाटलं, संपलं सगळं. इतक्यात संपणाऱ्यांतली मी नव्हे, हे तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं.

काकासाहेबांनी मला त्या ढिगातून उचललं. हे कंपनीतच स्टोअरला होते. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरातल्या एकाला नोकरी, या करारावर लागलेले. माणूस बोलायला कमी, हट्टाला जास्त. माझे दोन तुकडे त्यांनी वेल्डर सखारामकडे नेले. सखारामनं मध्ये पाइपचा तुकडा घालून मला जोडलं, सांध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "आता ही दुसरीकडं मोडंल, इथं नाय." मी थोडी जड झाले, थोडी वाकडीही. पण शब्द त्याचा खरा निघाला.

घरी गेल्यावर त्यांच्या बायकोनं, आवडाबाईंनी, मला हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं.

"हे कसलं उलथनं आणलं? ह्यानं तर एक भाकर बी उलथायची नाय."

"भाकरीला नाय आणलं," काकासाहेब म्हणाले. "विहीर ओलांडायला आणलं."

ही विहीर म्हणजे सगळ्या कथेचं मूळ. सहाव्या होलच्या अगदी तोंडाशी ती होती, रुंद, खोल, कठडा ढासळलेला. काकासाहेबांच्या आज्यानं ती खोदली होती. चार हातांवर खडक लागला तेव्हा अख्ख्या गावानं त्याला शहाणपण शिकवलं, "बास कर, इथं पाणी नाय, अंथरूण पाहून पाय पसर." म्हाताऱ्यानं ऐकलं नाही. सुरुंग लावला, सासऱ्याची बोलणी खाल्ली आणि पाणी लागेपर्यंत खाली गेला. त्या पाण्यावर तीन पिढ्या जेवल्या.

आणि कंपनीनं विहिरीशेजारी पाटी लावली होती, 'अडथळा'.

साहेब लोक या अडथळ्याला भिऊन उजवीकडून वळसा घालायचे. एक फटका बाजूला, मग दुसरा होलकडे. सरळ मारायचं तर चेंडू सुरुवातीपासून विहिरीच्या पार हवेतूनच जायला हवा. जरा कमी पडला की बुडुक. काकासाहेब स्टोअरच्या खिडकीतून हे रोज बघत. "भिऊन खोदलेली नाय ती विहीर," एवढंच म्हणत. त्यांना एकदाच, आपल्या हातानं, तिच्यावरून चेंडू पार न्यायचा होता. बाकी गोल्फ गेलं उडत.

कामगारांना त्या मैदानावर एरवी मज्जाव. वर्षातून एकदा, जानेवारीत, कंपनीच्या वाढदिवसाला सगळ्यांसाठी सामना असे. एकेकानं एकच काठी घेऊन खेळायचं, सगळ्यांत कमी फटक्यांत नऊ होल संपवेल त्याला कप. काकासाहेबांनी मला घेतलं, उरलेल्या शेताच्या पट्टीत रोज संध्याकाळी सराव केला, आणि पहिल्या वर्षी चेंडू बुडुक. दुसऱ्या वर्षी बुडुक. पुढे पुढे लोक सहाव्या होलपाशी आधीच जागा धरून बसू लागले. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

काकासाहेबांच्या बरोबर सर्जेराव सराव करायचे. हे प्रेस शॉपचे फोरमन, जिवाभावाचे मित्र, आणि माझे वैरी. वैरी अशासाठी की त्यांचं सगळं बेतानं. या महिन्यात फक्त सरळ मारायचं, लांब नाही. पुढच्या महिन्यात बांधावरच्या लिंबापर्यंत, लिंबाच्या पुढे नाही. "काकासाहेब, जे हातात बसतं तेवढंच ठरवावं. ते जमलं की पुढचं. एकदम आभाळाला हात कामून लावता?" मी नाक मुरडायची. पण खोटं कशाला बोलू, सर्जेराव सुधारत गेले. त्यांचा चेंडू दोरी लावल्यासारखा जायचा. लिंबाची ती शिकवणी काकासाहेबांनाही उपयोगी पडली. मार सरळ झाला, लांबही झाला. एवढं श्रेय मी त्यांना देते. याहून जास्त देणार नाही.

त्याच वर्षांत शहरात दुसरं एक मोठं मागणं चालू होतं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून. अठ्ठ्याहत्तर साली विधानसभेत ठराव झाला आणि मराठवाड्यात घरं पेटली. सखारामच्या मामाचं घरही त्यात गेलं होतं. तरी सखाराम मोर्चाला जायचा, लाठी खाऊन यायचा, दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर काच धरून वेल्डिंगला उभा.

एकदा जेवणाच्या सुट्टीत काकासाहेब त्याला समजावणीच्या सुरात म्हणाले, "सखाराम, अख्ख्या विद्यापीठाचं कशाला धरून बसता? एखाद्या वसतिगृहाला घ्या नाव, ग्रंथालयाला घ्या. झेपंल तेवढं मागावं माणसानं."

सखारामनं चहाचा कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही.

"मग तुम्ही बी घाला की वळसा विहिरीला. झेपंल तेवढं मारावं माणसानं."

काकासाहेबांनी डबा अर्ध्यातच बंद केला. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला मनापासून बरं वाटलं. स्वतःसाठी आभाळ मागायचं आणि दुसऱ्याला ओंजळ दाखवायची, ही खोड चांगल्या चांगल्या माणसांत असते. माझ्या माणसात ती असावी याची मला लाज वाटली होती.

आठवडाभर काकासाहेब वेल्डिंग शॉपकडे फिरकले नाहीत. मग मला घेऊन वेल्डिंग शॉपला गेले. "सांधा जरा ढिला वाटतोय, बघ." सांधा दगडासारखा होता, दोघांनाही माहीत होतं. सखारामनं मला हलवून पाहिलं. "पक्का हाय."

"मग बरंय." काकासाहेब दारापर्यंत गेले आणि परत फिरले. "त्या दिवशीचं माझं बोलणं चुकलं, सखाराम."

"व्हय, चुकलं," सखाराम म्हणाला, आणि चहा मागवला.

आता माझ्याच पोटातली गोष्ट सांगते. मार लांब झाला, सरळ झाला, तरी विहिरीवरून चेंडू जात नव्हता. का, ते फक्त मला कळत होतं. शेताच्या पट्टीत काकासाहेब मला फिरवायचे तेव्हा त्यांची मनगटं घट्ट असायची. पण सहाव्या होलला, ऐन चेंडूला भिडताना, ती ढिली पडायची. दरवर्षी. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण काठीचं कोण ऐकतं?

ओळखलं ते आवडाबाईंनी. विहिरीच्या कोनाड्यात शेंदूर लावलेले सात दगड होते, साती आसरा. पाण्याच्या बाया. काकासाहेबांच्या घरातली रीत अशी की आसरांच्या डोक्यावरून काही फेकायचं नाही, खडासुद्धा नाही. लहानपणी विहिरीपलीकडे गोफण मारली म्हणून त्यांना आईचा मार बसला होता. नोकरी लागली, बूट आले, पण तो मार मनगटात तसाच बसून होता.

"चेंडू विहिरीत पडत नाय," आवडाबाई एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या. "तुम्ही टाकता. बायांच्या भेवानं."

"काहीतरीच तुझं," म्हणत काकासाहेब उठून बाहेर गेले. पण रागावले नाहीत, त्यावरूनच कळलं.

मग आलं चौऱ्याण्णव. संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाच्या नावाचा निर्णय जाहीर झाला. जुनं मराठवाडा नाव राहिलं, त्याच्या आधी बाबासाहेबांचं जोडलं गेलं. रस्त्यांवर पोलीस होते. कामावर हजर झाल्यावर सखारामनं काकासाहेबांच्या हातावर तिळगूळ ठेवला.

"मागितलं तसं सगळं नाय झालं," तो म्हणाला. "पण वसतिगृह मागितलं असतं, तर पायखान्याला बी दिलं नसतं नाव."

त्याच आठवड्यात कंपनीची नोटीस लागली. माळावर नवा प्लांट येणार, मैदान बंद, विहीर बुजवणार. या जानेवारीचा सामना शेवटचा.

काकासाहेब त्या रात्री जेवले नाहीत.

सामन्याच्या दिवशी घरच्यांनाही यायची मुभा होती. पाचव्या होलपर्यंत काकासाहेब आणि सर्जेराव बरोबरीत, बाकी सगळ्यांच्या पुढे. असं याआधी कधी झालं नव्हतं. सहाव्याला सर्जेरावांनी ठरल्याप्रमाणे वळसा घातला आणि विहिरीच्या पलीकडे सुखरूप पोचले. मग परत येऊन काकासाहेबांच्या कानाशी लागले, "ऐका माझं. आज कप तुमचा हाय. वळसा घाला. हात जोडतो."

पुण्याचा साहेब लांबून म्हणाला, "काकासाहेब, बी प्रॅक्टिकल!" मी त्याला ओळखलं. माझी कंबर मोडणारा हाच.

काकासाहेब विहिरीकडे बघत होते. आणि तिथं मला दिसलं, ढासळलेल्या कठड्यावर हिरवा खण, हळदकुंकू, पत्रावळीवर दहीभात. शेजारी आवडाबाई, डोक्यावर पदर, कंबरेवर हात. सकाळीच येऊन त्यांनी आसरांची ओटी भरली होती.

"अहो!" साहेबाबिहेबाची पर्वा न करता त्या ओरडल्या. "मी सांगितलंय बायांना! म्हणलं, आज ह्यांचा चेंडू डोक्यावरनं जाईल, रागावू नका, उद्या तुमच्या डोक्यावर कंपनी बसणार हाय! त्या काय बोलल्या नाय! मारा तुम्ही!"

लोक हसले. काकासाहेब नाही हसले. त्यांनी मला धरलं आणि त्यांची मनगटं, पहिल्यांदाच त्या जागेवर, मला दगडासारखी लागली.

मी फिरले. चेंडू माझ्या कपाळाच्या मधोमध बसला. तो आवाज मी आजही ऐकते. चेंडू वर गेला, कुसळांवरून, पाटीवरून, खणावरून, सात बायांच्या डोक्यांवरून, आणि विहिरीच्या पार गेला. होलच्याही पार गेला. थेट मागच्या बाभळीच्या काट्यांत.

तिथून चेंडू काढता काढता काकासाहेबांचे कितीतरी फटके गेले. कप सर्जेरावांना मिळाला. हक्काचा होता, कुणी नाकारत नाही. साहेब म्हणाला, "वळसा घातला असता तर जिंकला असता."

काकासाहेब काट्यांनी ओरबाडलेले हात पुसत म्हणाले, "कप काय, बाजारात दुसरा मिळंल. माझी विहीर परत देणार हाय का?"

आवडाबाईंनी एवढंच विचारलं, "ओलांडली ना?"

"ओलांडली."

"मग चला घरी. दहीभात तुमच्यासाठी बी ठेवलाय."

महिन्याभरात विहीर मुरमानं भरली. ती पाटी कुठे गेली कुणास ठाऊक. त्याआधीच आसरांचे सात दगड सखारामनं आणि काकासाहेबांनी रातोरात नव्हे, चांगले दिवसाढवळ्या कंपनीच्या गेटातून उचलून आणले. वॉचमननं अडवलं नाही. ते आता घराच्या परसात पाण्याच्या टाकीशेजारी आहेत.

आणि मी? मी मागच्या दारात असते. शेवग्याच्या शेंगा पाडते, कुत्री हाकलते, कधी पंख्यावरची जळमटं काढते. सूनबाईनं दोनदा भंगारवाल्याला दाखवलं. देऊ देत. भंगारातून मी एकदा आले आहे, वाट मला माहीत आहे. मागणं एकच, मला द्यायचं तर द्या, पण "झेपेल तेवढंच कर" असं दुसऱ्याला सांगणाऱ्याच्या हातात देऊ नका. त्याच्या हाती मी सरळ मारणार नाही, आधीच सांगून ठेवते.

काकासाहेबांचे गुडघे आता गेलेत. डॉक्टरांनी परवा बजावलं, "फाटकापर्यंत चालायचं, तिथून परत. या वयात तेवढं पुष्कळ." तेव्हापासून मला उलटी धरतात. माझं डोकं त्यांच्या मुठीत, टोक जमिनीवर.

आता बोलणं आवरते, कारण आम्ही निघालोय. ओट्यावरून आवडाबाई ओरडताहेत, "अहो, फाटकापर्यंतच सांगितलंय!"

"व्हय, व्हय," काकासाहेब म्हणताहेत, आणि मनगटं तशीच घट्ट आहेत. फाटक आम्ही केव्हाच मागे टाकलंय.