खोटा ताप पोचवणारा फोन

मित्रांनो, मी वायरचा जुना फोन आहे. कारखान्यात माझ्या पोटात तारा भरल्या आणि एका घरात स्टुलावर आणून बसवलं. तेव्हा माझं भारी कौतुक! आई मला रोज पुसायची, वर भरतकामाचा रुमाल घालायची.

पुढे बाबांना दारू लागली. ते लेथ मशीनवर कामाला होते. ज्या सकाळी त्यांना उठवेना, त्या सकाळी आई त्यांच्या कारखान्यातल्या फोरमनना फोनवर सांगे, "भाऊ, यांना ताप आहे हो." नोकरी टिकावी, चारचौघांत शोभा होऊ नये, म्हणून. मी निरोप पोचवायचो. ताप झाला, पोटदुखी झाली, मग मामा वारले.

"वहिनी," फोरमन म्हणाले, "तुमचे मामा उन्हाळ्यातही वारले होते."

आईने मला घाईघाईने खाली ठेवलं. तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

एकदा आई न्हाणीघरात असताना मी खणखणलो. त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीने, चिमणीने, मला उचललं आणि कुणी काही विचारायच्या आतच म्हणाली, "बाबांना ताप आहे. डॉक्टरपण येऊन गेले." जराही अडखळली नाही. पलीकडे फोरमन नव्हतेच. फ्रॉक शिवून झाला, हे सांगायला शिंपीणकाकूंनी फोन केला होता.

आई दारात ओल्या केसांनी उभी होती. तिने सगळं ऐकलं.

पुढच्या वेळी बाबांना उठवेना, तेव्हा तिने मला बाबांच्या उशाशी नेऊन ठेवलं. माझी वायर ताणली गेली.

"फोन तुम्ही करा. मी आता खोटं बोलणार नाही."

"नोकरी गेली म्हणजे कळेल!"

"कळू दे. व्यसनमुक्ती केंद्रात चला म्हणालात, तर मात्र या पावली येते."

बाबा चिडले, कूस बदलून पडून राहिले. आई चिमणीची वेणी घालायला बसली. वेणी तीनदा सुटली, पण ती उठून आली नाही.

शेवटी बाबांनी नंबर फिरवला. "ताप नाही साहेब. प्यायलो होतो."

पलीकडून, मशीनच्या घरघरीतून, फोरमन म्हणाले, "उपचार घेऊन ये. मग बघू. शब्द देत नाही."

त्याच दुपारी दोघं केंद्रात गेली. बाबा नंतर एकदा घसरलेही. तेव्हाही फोन त्यांनीच केला.

मित्रांनो, घरातल्या कुणाला व्यसन तुमच्यामुळे लागत नाही, आणि ते लपवणं हे तुमचं काम नाही. माया करा, पण त्यांच्या वाटचं खोटं बोलू नका. विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. त्यासाठी मला केव्हाही उचला. आवाज कापला तरी चालेल, मी तो नीट पोचवीन.