वस्तऱ्याला सुट्टी

मेंदूचा स्कॅन झाल्यापासून दादांनी वस्तरा ड्रॉवरमध्ये कोंडून ठेवला होता. सलूनमध्ये चक्कर आली म्हणून स्कॅन काढला, तर रिपोर्टात आलं: मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचा जुनाट आजार, पांढरे डाग. झालं! कात्री ठीक आहे हो, पण लोकांच्या गळ्यावर धार टेकवली आणि नेमका हातानेच दगा दिला तर? दादांची झोप उडाली. दाढीची गिऱ्हाइकं परत जाऊ लागली. शेजारचा शिंपी तेवढा हट्टाला पेटला. दुसरीकडे जाणार नाही म्हणाला आणि दाढी वाढवत बसला.

आज दादा वहिनींना घेऊन डॉक्टरांसमोर बसले होते, चेहरा फाशीची शिक्षा ऐकायला आल्यासारखा.

"हे डाग कालपरवाचे नाहीत," पडद्यावर बोट ठेवत डॉक्टर म्हणाले. "रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहिला की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, मग असे डाग दिसतात. तुमच्या वयात बऱ्याच जणांना असतात. तुमचे तर थोडेच आहेत."

"मग चक्कर कशाने आली?"

"गोळ्या रोज घेता ना?"

दादा छताकडे बघू लागले. वहिनी कसली संधी सोडतायत! "चार दिवस विसरतात आणि मग एकदम तीन गिळतात. म्हणे मागची भरपाई!"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, मग रक्तदाब धाडकन उतरणारच की!"

त्यांनी दादांना सरळ रेषेत चालवलं, बोट नाकाला लावायला सांगितलं, काही शब्द सांगून मागाहून विचारले. सगळं ठीक निघालं. "डाग पुसले जाणार नाहीत. पण रोज एक गोळी, सिगारेट बंद आणि चालणं, एवढं सांभाळलंत तर वाढ बरीच रोखता येते."

"आणि वस्तरा?"

"धरा की खुशाल!"

डॉक्टर चिठ्ठी लिहायला वाकले आणि दादांना त्यांच्या डोक्याचा मागचा भाग दिसला. रुपयाएवढं टक्कल, त्याखाली जुन्या जखमेची खूण. अशा खुणा दादांनी आयुष्यभर पाहिल्या होत्या. डोक्याच्या मालकाला पत्ता नसायचा आणि त्याचा संसार मजेत चाललेला असायचा. दादांनी कधी कुणाला सांगितलं नाही, उगाच कशाला जिवाला घोर? रिपोर्ट लिहिणाऱ्याने मात्र दिसलं ते सगळं लिहून टाकलं. असला माणूस सलूनमध्ये एक दिवस टिकला नसता! दादांना खुदकन हसू आलं. कितीतरी दिवसांनी जीव हलका झाला होता.

सलूनच्या पायरीवर शिंपी बसला होता, दाढी खाजवत. "काय म्हणाले डॉक्टर?"

"रोज एक गोळी. एकच."

"आणि हात?"

दादांनी ड्रॉवर उघडला, वस्तऱ्यात नवं पातं घातलं. हात पुढे धरून क्षणभर बघत राहिले. डोळे भरून आले, पण हात स्थिर होता.

"बस," ते म्हणाले.

शिंपी खुर्चीत बसला. आणखी काही न विचारता त्याने डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.