नवव्या फर्म्यातली होडीवाली

मी एक कादंबरी बोलतेय. चारशे पानांची, जाड पुठ्ठ्याची, धरणाऱ्याचं मनगट दुखवणारी. माझ्या एका कोपऱ्यावर तपकिरी डाग आहे आणि पाठीवर लाखेचे दोन ठिपके. तो डाग चहाचा नाही. कशाचा ते सांगते, पण आधी जन्माचं ऐका, कारण माझा जन्मही काही गोडीगुलाबीने झालेला नाही.

छापखान्यातून मी मोठमोठ्या तावांच्या रूपात निघाले. शेजारच्या बांधणीच्या कारखान्यात माझं जे केलं, ते माणसाचं केलं असतं तर पोलीस आले असते. घडी घालणाऱ्या बायकांनी मला दुमडलं आणि हाडाच्या पट्टीने प्रत्येक घडी खरवडून चपटी केली. सोळा पानांचा एक फर्मा, असे माझे पंचवीस फर्मे. मग मावशीने, म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या शिवणारीने, दाभणाने मला भोसकून दोरा ओवला. मग दाबयंत्रात आवळणं आणि पाठीवर हातोडी. शेवटी असतं कापणीचं यंत्र. हातभर लांब सुरी धाडकन खाली येते आणि तीन बाजूंच्या कडा उडवते. त्या कडा उडाल्या की घड्या सुटतात आणि पानं मोकळी होतात. हे नीट लक्षात ठेवा, पुढे यावर एका बाईचा जीव टांगला जाणार आहे.

या कारखान्यातल्या बायकांची एक रीत होती. कुणाला दिवस गेले की बाळाचं नाव पुस्तकातून निवडायचं. पुस्तकांचा तर ढीगच होता! पण वाचायला वेळ कुणाला? घडी घालताना डोळ्यांसमोरून जेवढं सरकेल तेवढंच वाचन. एका बाईच्या वाट्याला एका पुस्तकाचा एकच फर्मा, दिवसभर त्याचेच हजार ताव यायचे. म्हणजे ती तीच सोळा पानं तुकड्यातुकड्यांनी वाचणार, आणि अलीकडे-पलीकडे काय झालं याचा तिला पत्ता नाही. त्या सोळा पानांत एखादं माणूस आवडलं की झालं, नाव पक्कं. एकीने आपल्या मुलाला एका दानशूर सावकाराचं नाव दिलं. चार फर्म्यांनंतर तो सावकार दरोडेखोर निघाला. बायका आठवडाभर हसल्या, पण नाव काही कुणी बदललं नाही.

माझा नववा फर्मा आला तो अशाच एका घडीवालीकडे. तिला सातवा महिना होता. कामात वाघ, पण तोंडाला कुलूप. तिच्या दंडावर, मानेवर, कधी ओठावर काळेनिळे वळ असायचे. विचारलं की म्हणायची, दाराला धडकले.

मावशी दोरा ओवता ओवता म्हणायची, "घरात दारं फार झालीत गं तुझ्या. आज कुठलं लागलं? पुढचं की मागचं?"

बाकीच्या बायका हसायच्या नाहीत, कारण ते दार त्याच दालनात पलीकडे उभं होतं. तिचा नवरा तिथला कापणीवाला. मोठा ताकदवान माणूस, हातात सुरी, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. त्याच्या यंत्राखालून माझ्यासारख्या हजारो जणी गेल्या, म्हणून त्याच्या हाताची मला चांगली ओळख आहे. पुस्तकाला कुणी गुरासारखं ढकलतं का? तो ढकलायचा. मला त्याचा राग यायचा आणि अजूनही येतो.

तर नवव्या फर्म्यात माझी होडीवाली येते. नदीला पूर आहे, होडीत अकरा माणसं, आणि मध्यावर वल्हं मोडतं. सगळ्यांची बोबडी वळते. होडीवाली मोडकं वल्हं धरून, हातांची सालटं निघेपर्यंत होडी ओढत काठाला आणते आणि अकराच्या अकरा जणांना उतरवते. घडीवालीचा हात थांबला. तिने तो ताव पुन्हा उलगडून वाचला.

"मावशी, मुलगी झाली तर हिचं नाव ठेवणार."

"का गं?"

"ही घाबरत नाही."

मुलगीच झाली. नवरा म्हणाला, "पोरगीच ना? काय ठेवायचं ते ठेव." आणि ज्या नावाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, ते कागदोपत्री लागलं. कारखान्यात मात्र सगळ्या जणी बाळाला होडीवालीच म्हणायच्या, म्हणून मीही तेच म्हणते.

रीतीप्रमाणे, नाव ज्या पुस्तकातलं त्याची एक प्रत आईला भेट द्यायची. मावशीने जेवणाच्या सुट्टीत बसून मला शिवलं, पुठ्ठा चढवला. राहिली फक्त कापणी. कापणीवाला म्हणाला, "बायकांच्या चाळ्यांसाठी माझी सुरी नाही." तशीच, कडा न कापलेली, पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली मी त्या घरी गेले. घडीवालीने हाडाच्या पट्टीने माझा नववा फर्मा तेवढा उघडला आणि मांडीवरच्या लेकीला वाचून दाखवला. बाकीची तीनशे चौऱ्याऐंशी पानं बंदच राहिली. वाचीन सावकाश, असं तिने ठरवलं असेल. तान्ह्या बाळाच्या आईला कुठलं सावकाश मिळतंय?

बाळ तीन आठवड्यांचं असताना ते घडलं. मला संपूर्ण वाचलेला कारखान्यात एकच माणूस होता, मुद्रितशोधक. भला माणूस, पण जिभेला हाड नाही. सकाळी त्याने कापणीवाल्याच्या पाठीवर थाप मारली आणि चारचौघांत म्हणाला, "जपून राहा रे बाबा! लेकीचं नाव काय जबरदस्त निवडलंय तुझ्या बायकोने. त्या होडीवालीने एकोणिसाव्या फर्म्यात नवऱ्याला वल्ह्याने ठेचून नदीत बुडवलाय!"

सगळे हसले. कापणीवाला हसला नाही. सुरी अर्धवट वर ठेवून तो घरी निघून आला.

घरात मी पडवीकडच्या खिडकीशी होते. मागच्या पडवीत ती बाळाचे कपडे धूत होती, बाळ टोपलीत झोपलेलं. त्याने दार लाथेने उघडलं.

"माझा जीव घ्यायचाय तुला?"

"काय झालं अहो?"

"पोरीला नवरा मारणाऱ्या बाईचं नाव देतेस? माझ्या नाकावर टिच्चून? सगळा कारखाना दात काढतोय माझ्यावर!"

"कुणी मारलं नवऱ्याला? ती तर लोकांना पार नेते..."

ती खरं बोलत होती. पण त्याने मला उचललं. मला, ज्या मला त्याने कधी धड हातात धरलं नव्हतं. दोन्ही हातांनी उचलून त्याने मला तिच्या तोंडावर हाणलं. एकदा, आणि ती सावरायच्या आत दुसऱ्यांदा. माझा कोपरा तिच्या भुवईत घुसला. हाड वाजलेलं मला कळलं. तिचं रक्त माझ्या पुठ्ठ्यात मुरलं आणि ते अजून तिथेच आहे. माझ्या पोटात चारशे पानं शब्द होते, आणि त्या क्षणी मी वीट होते. याची लाज मला जन्मभर पुरेल.

ती कोसळली. मी तिच्याशेजारी पडले. त्याने टोपलीतून बाळ उचललं.

"होडीवाली काय? बघू, पोहता येतं का हिला!"

पडवीत सिमेंटची टाकी होती, काठोकाठ भरलेली. त्याने बाळाला एका पायाला धरून पाण्यावर लोंबकळवलं. तिने त्याच्या हाताला लटकून पाहिलं, चावून पाहिलं. त्याने गुडघ्याने तिला मागे उडवलं आणि बाळाचं डोकं पाण्याखाली गेलं. बुडबुडे आले. तेव्हा तिच्या हाताला जे लागलं ते तिने घेतलं. ते म्हणजे मी.

तिने मला पाठीच्या बाजूने दोन्ही हातांत आवळलं आणि त्याच्या कानामागे जीव खाऊन घाव घातला. खोटं कशाला बोलू, या वेळी मला लाज वाटली नाही. त्याची पकड सुटली, साबणाच्या पाण्यावर पाय घसरला, आणि त्याचं डोकं टाकीच्या कडेवर आपटलं. पुन्हा तो उठला नाही. तिने पाण्यात हात घालून बाळ वर काढलं. निळं पडलेलं. पाठीवर थोपटलं, उलटं धरलं, तोंडात फुंकर घातली. किती वेळ गेला मला कळलं नाही. मग बाळाने टाहो फोडला.

तिला धरून नेलं, आणि मलाही. माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधली, पाठीवर लाख ओतली, आणि मी खुनाचं हत्यार झाले.

कोर्टात सरकारी वकिलाने माझी दुसरी, कापलेली प्रत आणली आणि एकोणिसावा फर्मा खणखणीत आवाजात वाचून दाखवला. वल्ह्याचे घाव मोजून मोजून वाचले. मग म्हणाला, "साहेब, मारामारीत चुकून लागलेला हा फटका नाही. या बाईने हे आधीच योजलं होतं. पुरावा म्हणजे मुलीचं नाव! जी या पुस्तकाच्या घड्या घालत होती, तिने पुस्तक वाचलंच नाही, यावर कोण विश्वास ठेवेल?"

कुणीच ठेवला नाही. लोकांच्या नजरा मला दिसत होत्या. मुद्रितशोधक मान खाली घालून बसला होता. वकिलाचं म्हणणं टिकलं असतं, तर ती लेक कुणाच्या तरी दारात वाढली असती आणि आई गजाआड म्हातारी झाली असती.

मग साक्षीला मावशी उभी राहिली.

"साहेब, ते हत्यार जरा हातात घ्या. आणि एकोणिसावा फर्मा उघडून दाखवा."

न्यायाधीशांनी मला उचललं. पान उलटायला गेले, तर उलटेना. घडीच सुटलेली नव्हती. अठरावा बंद. विसावा बंद. पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त नववा उघडा.

"याच्या कडा कापल्याच नाहीत," मावशी म्हणाली. "मी स्वतः मेलेल्याकडे घेऊन गेले होते. सुरी लावणार नाही म्हणाला. बंद पानं कशी वाचणार ती? आम्ही सोळाच पानं वाचतो साहेब, आणि तेवढ्यावर पोरांची नावं ठेवतो. मूर्खपणा म्हणा, पण कट म्हणू नका." मग तिने वकिलाच्या प्रतीकडे बोट केलं. "आणि यांनी एकोणिसावा वाचला, तर अलीकडचा अठरावा पण वाचा म्हणावं. त्याच्या घड्या आमच्यातल्या दुसऱ्या एकीने घातल्यात, तिने सांगितलं मला."

वकिलाने टाळाटाळ केली. न्यायाधीशांनी ती प्रत मागवली आणि ते स्वतः मोठ्याने वाचायला लागले. अठराव्या फर्म्यात होडीवालीचा नवरा भर पुरात तिच्या लेकराला होडीबाहेर, पाण्यावर धरून उभा आहे. पुढचं पान न्यायाधीशांनी मनात वाचलं. पिंजऱ्यातल्या आईने ते पहिल्यांदाच ऐकलं, आणि इतके दिवस न रडलेली ती बाई हंबरडा फोडून रडली. यात चमत्कार काही नाही. मला लिहिणाऱ्याने असली घरं पाहिली असणार. चिडलेल्या बापाचा हात आईच्या जिव्हारी लागायला लेकराकडेच जातो.

ती सुटली. लेकराचा जीव वाचवायला हात उचलला, असं निकालात लिहिलं. काही महिन्यांनी चिठ्ठीसकट मीही तिला परत मिळाले. तिने मला फेकलं नाही आणि उघडलंही नाही. सतरा वर्षं मी एका फळीवर उभी आहे. धूळ खाते, कसर लागू नये म्हणून जीव मुठीत धरते.

आणि आता होडीवाली मला वाचतेय. हो, तीच, टाकीतून वर आलेली. सतरा दिवसांपूर्वी तिने विचारलं, "आई, माझं नाव यातलंच ना?" आईने तिच्या हाती तीच हाडाची पट्टी दिली आणि एवढंच म्हणाली, "पहिल्या पानापासून वाच. मधूनच नको." तेव्हापासून रोज सकाळी ती एक फर्मा उघडते. आपला बाप पाय घसरून गेला, एवढंच तिला माहीत आहे. कोपऱ्यावरच्या डागाबद्दल तिने अजून विचारलेलं नाही.

काल सतरावा संपला. आज सकाळी तिने अठराव्याच्या घडीत पट्टी घातली, तेव्हा माझ्या शिवणीचा दोरा न् दोरा ताणला गेला. वाचणाऱ्यांनो, आयुष्यभर तुमच्यापुढे मी गप्प राहिले, आज एकच मागते. कुणाचाही एकोणिसावा फर्मा ऐकलात, तर निकाल द्यायच्या आधी अठरावा मागून घ्या.

आई चूल विझवून आली. ओले हात पदराला पुसले, लेकीच्या शेजारी बसली आणि माझ्यावर तळवा ठेवला. तिच्या भुवईवरची जुनी खूण माझ्या कोपऱ्याच्या अगदी जवळ आली.

"दे इकडे," ती म्हणाली. "हा मी वाचून दाखवते."