हाताचा गुण

योगिनीने शेवटच्या उंदराचं पोट उघडून आतले लाल डाग मोजले. दुखण्यावरच्या गोळ्या देऊन पाडलेले व्रण, आणि त्यावर आठ दिवस सासऱ्यांची झाडपाल्याची पुडी. डाग निम्म्याहून कमी झाले होते. फार्मसी कॉलेजातले सर खूश. "सासऱ्यांना पेढे द्या," म्हणाले.

सासरे साहेबराव फुलंब्रीत चाळीस वर्षं पोटदुखीवर ही पुडी फुकट देत आले. वडिलांनी मेंढरांमागं हिंडताना शिकवलेली. अट एकच: देणाऱ्याने दुसऱ्याचं औषध घेतलं की त्याच्या हाताचा गुण जातो. म्हणून महिनाभर स्वतःचं पोट जळत असतानाही ते तीच पुडी खात होते.

योगिनी घरी पोचली तशी सासूबाईंनी, मनकर्णाबाईंनी, तिला मोरीपाशी ओढलं. "कालपासून परसाकडंला डांबरावानी काळं होतंय त्यांना. उष्णता पडतीय म्हणत्यात."

योगिनीने लगेच ओळखलं. उष्णता कसली, रक्त होतं ते. ओसरीवर तिची दोन वर्षांची लेक आजोबांच्या मिशा ओढत होती आणि तिचे हात धरायचंही बळ त्यांच्यात नव्हतं. ओठ पांढरेफटक.

"मामा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"नाय. म्हातारपणी हाताचा गुण घालवू व्हय? ते ऱ्हाऊ दे. तुझे उंदीर काय म्हनले?"

निकालाचा कागद पर्समध्ये होता. खरं सांगितलं तर हा माणूस जागचा हलणार नाही.

"काहीच फरक पडला नाही, मामा. नुसतं पाणी पाजलेल्या उंदरांइतकेच डाग. पुडीत गुण नाहीच."

त्यांनी नातीला मांडीवरून खाली उतरवलं.

"सांडूला दोन वर्सं पुडी दिली म्या. तो म्हनायचा, शहरात दाखवतो. म्याच नगं म्हनलो." सांडू गेल्या दिवाळीत पोटातला व्रण फुटून गेला होता.

जीपमध्ये ते स्वतःच चढून बसले. शहराच्या रस्त्यावर चौका गाव मागं पडल्यावर म्हणाले, "मोबाइल काढ. आजून कोनकोन घेतंय, नावं लिवून घे. बंद करा म्हनून सांगावं लागंल."

ते नावं सांगत गेले, ती टिपत गेली. दोनदा तिचं तोंड उघडलं. पण खरं कळलं तर ते अजूनही गाडी मागं वळवायला लावतील. तिने तोंड मिटून घेतलं.

सावंगीपाशी त्यांना रक्ताची उलटी झाली. शेजारी बसलेल्या मनकर्णाबाईंनी पदराने त्यांचं तोंड पुसलं.

"सर्जेरावाचं लिवलं का?" साहेबरावांनी विचारलं.

"लिहिलं, मामा."